झरोक्याखालचा माणूस

ती आली तेव्हा बन्सी खिडकीची काच पुसत होता. दारात सावली पडली म्हणून त्यानं मान वळवली. तिशीच्या आतली बाई, कपाळ मोकळं, काखेत दीडेक वर्षांची पोर, हातात फडक्याचं गाठोडं. पायांवर फुफाटा इतका की वहाणा आहेत की नाहीत तेच कळेना.

"फोटूवाले बन्सीशेठ तुमीच का?"

"मीच. या, बसा. कुणाचा काढायचाय? पोरीचा?"

"काढायचा न्हाई. काढल्याला हाय. त्यो न्यायाला आले."

बन्सीनं फडकं खांद्यावर टाकलं, गल्ल्यामागची वही ओढली. कोपरगावात त्याचा स्टुडिओ एकोणीस वर्षांचा होता. लग्नातले, शाळेतले, रेशन कार्डावरचे असे कितीतरी फोटो लोक काढून जात आणि न्यायला विसरत.

"कुणाचा फोटो?"

"हिच्या बापाचा."

"नाव काय त्यांचं?"

बाईनं नजर दाराकडं वळवली. पदर पुढं ओढला. बन्सीला सवय होती. बायका धन्याचं नाव घेत नाहीत, मग तो असो की नसो.

"बरं, कशावरनं आहे नाव? देवाचं?"

"नवनाथातलं."

"मच्छिंद्र?"

"न्हाई."

"कानिफनाथ?"

ती हसल्यागत झाली. "आमच्याकडं निम्मा गाव कानिफनाथच हाय. पन त्ये न्हाई."

"जालिंदर? गोरख? ... गहिनीनाथ?"

तिनं मान खाली घातली आणि काखेतल्या पोरीला म्हणाली, "सापडलं बघ गं."

वहीवरची बन्सीची पेन्सिल मात्र तिथंच थांबली. गहिनीनाथ. मिरजगावकडचा गवंडी. नव्या संग्रहालयाच्या छपराच्या परांचीवरून माघात पडला तो.

"तुम्ही त्यांच्या..." एवढंच तो म्हणाला.

"म्या मनकर्णा," ती म्हणाली.

कोपरगाव-पुणतांब्याच्या मधोमध, गोदावरीच्या काठाला पांढऱ्या मातीचं जुनं टेकाड होतं. नांगराला खापरं लागायची, मणी लागायचे, दोन हजार वर्षांपूर्वीची जाती लागायची. त्या टेकाडाशेजारी त्या वस्तूंसाठी नवं संग्रहालय बांधलं गेलं. मुंबईच्या आर्किटेक्टनं नकाशा काढला होता. ना कमान, ना कळस, ना रंग. नुसतं उघडं काँक्रीट, त्यावर फळ्यांच्या रेघा तशाच उठलेल्या. गावचे लोक त्याला मडक्यांचा बंगला म्हणत, आणि छपराला भोक राहून गेलं म्हणून मिस्त्रीला हसत. ते भोक राहून गेलेलं नव्हतं, ठेवलेलं होतं. काळ्या फरशीच्या दालनात मधोमध एक जुनं जातं मांडलं होतं, आणि मार्गशीर्षात, सूर्य दक्षिणेला कलला की दुपारच्या आधी रोज अकरा मिनिटंच छपराच्या झरोक्यातून उन्हाची धार थेट जात्याच्या तोंडात पडायची.

त्याचा फोटो काढायला बन्सीला बोलावलं होतं. कमिटीचे अध्यक्ष काकासाहेब मोठे बागायतदार, आवाज खणखणीत. आर्किटेक्टचं दोन पानी पत्र त्यांनी उभ्याउभ्या वाचून दाखवलं होतं.

"ऐक बन्सी, काय लिहितात. उजेड म्हणजेच धान्य. वरून उजेडाचा घास पडतो तो जात्याच्या तोंडात. दोन हजार वर्षांची भूक आणि दोन हजार वर्षांची आशा, दोन्ही फोटोत आलं पाहिजे."

"दोन्ही एका फिल्मवर कसं यावं, काकासाहेब?"

"ते तुझं तू बघ. मला भुकेचा फोटो काढता आला असता तर तुला कशाला बोलावलं असतं? आता पुढं. जात्यापाशी एक माणूस उभा करायचा, म्हणजे उंची कळते. पण माणूस काळा पाहिजे. भिंती काळ्या, माणूस काळा, पांढरा फक्त उजेड."

"तोंड दिसायला नको?"

"तोंड दिसलं की तो अमक्या गावचा तमका होतो. नाही दिसलं तर अख्खी माणूसजात होते. हे बघ, असंच लिहिलंय."

बन्सी त्या पत्रानं भारून गेला होता. खोटं कशाला बोला. एकोणीस वर्षं त्यानं नवरानवरी काढले होते, आणि मेलेली माणसं. त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. जन्मात एकही फोटो न काढलेला म्हातारा गेला की लोक सायकल दामटत बन्सीकडे येत. प्रेत भिंतीला टेकवून बसवायचं, फोटो घ्यायचा, आणि मग बारीक कुंचल्यानं मिटल्या पापण्यांवर डोळे काढायचे. बन्सीनं डोळे उघडले, असं लोक म्हणत. पण नुसत्या उजेडाचा फोटो त्याला कुणी मागितला नव्हता. मुंबईच्या मासिकात छापून येणार होता तो. बायको, भागूबाई, म्हणाली होती, "उन्हाचा काय फोटू काढायचा? ह्या साली दुसरं हाय काय?"

उभं करायला माणूस हवा होता तेव्हा गहिनीनाथ भिंतीला टेकून भाकरी सोडत होता. भाकरी तांबड्या मिलोची, रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, वाळलेली. हाक मारल्याबरोबर त्यानं ती परत बांधली आणि आला. बन्सीनं काळ्या कापडात डोकं घातलं. मोठ्या कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं उलटं दिसतं: जातं वर, झरोका खाली, आणि त्या माणसाचं डोकं खाली लोंबलेलं. बन्सी त्या काचेवर उजेडाची कड बघत होता. ती जात्याच्या पाळूला, वरच्या दगडाला, टेकायची वाट बघत होता. सहा फिल्मा होत्या. पाच झाल्यावर गहिनीनाथ म्हणाला होता, "शेठ, येक माझा निस्ता बी काढता का? उजेडात तोंड करून. घरी धाडीन."

फिल्म एक उरली होती. धार पाळूवरून तोंडात उतरत होती, मिनिटभरात निघून गेली असती. "पुढच्या खेपेला," बन्सी म्हणाला होता. "आता हलू नको."

तो हलला नाही. तो सहावाच फोटो साधला. भिंतीएवढा करून संग्रहालयाच्या दारात लावला गेला, आणि त्याआधी दोन आठवडे परांचीची फळी सरकून गहिनीनाथ गेला होता.

"म्या आले तवा चौथा दिस हुता," मनकर्णा सांगत होती. पोर मांडीवर झोपली होती. "आमी तिकडं दुष्काळी कामावर खडी फोडाय हुतो, मिरजगावच्या रस्त्याला. निरोप मुकादमाकडं आला, मुकादम बाजाराला गेल्ता. नदीवर नेऊन समदं झालं हुतं. राख बी गार. तोंड म्हनून बघाय घावलं न्हाई."

"घरी एखादा फोटो?"

"कुठला वो."

"दुसरं कोण ओळखतं त्यांना? भाऊ, चुलता?"

"येकुलते हुते. सासू मागल्या साली गेली. गवंडी लोकं कुठं कुठं पांगली." तिनं पोरीच्या तोंडावरची माशी हाकलली. "परवा येक बाई म्हनाली, मनकर्णे, तुझ्या मालकाचा फोटू लावलाय मडक्यांच्या बंगल्यात, भिंतीयेवढा. खडीच्या हजेऱ्या बुडवून आले. बघितला."

"मग?"

"ते हायती. उभं राहन्याची तऱ्हा त्यांचीच, येक खांदा खाली. पन तोंड न्हाई. निस्ता काळा. म्या त्या रखवालदाराला म्हनलं, बाबा, ह्ये पुसून घ्या, काजळी बसलीय फोटूवर. त्यो हसला. म्हनाला, फोटूवाल्याकडं जा, त्याच्याजवळ मूळचं असतंय, त्यात समदं असतंय." ती पुढं सरकली. "तर ते मूळचं द्या. न्हाईतर तेवढं तोंड काढून द्या. हिला बाप ठाऊक न्हाई. हिला पाच म्हयनं झालं हुतं तवा ते इकडं आले."

बन्सी उठला. मागच्या खोलीतून पाकीट आणलं, निगेटिव्ह काढली, दाराच्या उजेडात तिच्यासमोर धरली. ती बराच वेळ बघत राहिली.

"ह्ये उलटं हाय समदं. ऊन काळं, अन् ह्ये पांढरे." मग हळूच म्हणाली, "गोरे नव्हते ते."

"ते पांढरं नाही बाई. ती कोरी जागा आहे. इथं फिल्मवर काहीच उमटलेलं नाही. उजेडापुरता उजेड घेतला ना आपण, मग अंधारातलं..." बोलता बोलता त्याचं त्यालाच नको झालं. "तोंडावर उजेड नव्हता. म्हणून तोंड आलंच नाही."

"पन ते तर हुते तिथं."

"होते."

"तुमी बघितलं की त्यांना. तुमच्या म्होरं उभे हुते."

"बघितलं," बन्सी म्हणाला. पण त्याला काचेवरचा उलटा माणूस आठवत होता, आणि तोही नाही, त्याच्या खांद्यावरून गेलेली उन्हाची कड. तोंड आठवेना. त्या माणसानं काय मागितलं होतं ते मात्र शब्दाशब्दानं आठवत होतं. ते त्यानं सांगितलं नाही.

तरी त्यानं संध्याकाळपर्यंत खटपट केली. भागूबाईनं मायलेकींना भाकरी वाढली तोवर अंधाऱ्या खोलीत कागदामागून कागद भिजवले. उजेड कमी देऊन पाहिला, मऊ कागद घेऊन पाहिला. खांदा यायचा, पागोट्याची कड यायची, कानाची पाळी केसाएवढी चमकायची. आत काही नाही. विहीर कोरडी पडली की पोहरा जसा नुसता खडखडत वर येतो, तसे ते कागद त्या पाण्यातून वर येत होते.

बाहेर आला तेव्हा मनकर्णा त्याच्याकडं बघत होती. त्या नजरेला 'नाही' म्हणायचं त्याच्यानं झालं नाही. तिथंच त्याचं चुकलं.

"मी काढून देतो," तो म्हणाला. "हातानं. मेलेल्यांचे डोळे मी काढतोच. तुम्ही सांगा, मी काढतो. बायको आहात, तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? सांगा, नाक कसं होतं?"

"नाक..." ती थांबली. "नाकासारखं."

"सरळ? बसकं?"

"लई बसकं न्हाई."

"डोळे?"

"डोळं व्हय..." तिनं भागूबाईकडं पाहिलं. "दोन हुते की."

भागूबाई फिसकन हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. मनकर्णाही हसली. मग हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं.

"म्या कवा बघितलं वो सरळ? सासू म्होरं बसल्याली. भाकरी वाढली की हात दिसायचा. सात वर्सं लगीन, त्यात वर्साचं तीन म्हयनं घरी, बाकी गावोगाव कामावर. राती दिवा कुठं? घासलेट कुठं हुतं? हात सांगते. हात समदे सांगते. डाव्या अंगठ्याचं नख काळं, घाव बसल्यालं. बोटांच्या पेरांना चुन्यानं चिरा. मागनं मान सांगते, मानंवर तीळ. पान्याचा तांब्या कसा उचलायचे ते सांगते. खोकला सांगते, शंभरात वळखीन. म्होरं आले तर तोंड बी हजारात वळखीन, शेठ. पन सांगू कसं?"

"जात्यावर ओव्या म्हणता ना तुम्ही," बन्सी म्हणाला. त्याची आई म्हणायची. पहाटे जात्याच्या घरघरीत अख्खं गणगोत उभं करायची ती. "ओवीत काही असेल त्यांचं. रंग, मिशी, काही."

"ओवीत भाऊ असतो," मनकर्णा म्हणाली, आणि पोरीला थोपटता थोपटता हलकेच म्हटली:

"दुरून वळखिते, बंधवाची माझ्या चाल,
कपाळीचा बुक्का, डोळा पहाटंचा लाल."

"बघा, भावाचा डोळा सुदिक हाय. मालकाचा कोन सांगतं? म्हनलं तर ऐकाय सासू शेजारच्या खाटंवर पडल्याली. अन् आता तर जातं बी मुकं हाय. कामावर वाटत्यात ती सुकडी खातो आमी, दळायचं काय?"

भागूबाई म्हणाली, "पोरगी कुणावर गेलीय?"

"सासू म्हनायची, नाक अन् हनुवटी बापाची."

मग झोपलेल्या पोरीचं तोंड दिव्याकडे वळवून बन्सीनं नाक घेतलं, हनुवटी घेतली. त्या काळ्या छापावर पांढऱ्या रंगाच्या कुंचल्यानं एक तोंड निघू लागलं. मिशी मनकर्णानं सांगितली, "हुती, पन झुबकेदार न्हाई." गालफडं त्यानं आपल्या अंदाजानं बसवली, दुष्काळातली. डोळे कसे काढावेत ते त्याचा हातच जाणत होता. शेकडो मेलेल्यांना दिलेले, सरळ समोर बघणारे डोळे.

पहिल्यांदा ती म्हणाली, "ह्ये कोन?"

दुसऱ्यांदा म्हणाली, "वाईच जवळ आलंय. पन ह्यो रागीट हाय."

तिसऱ्यांदा, दुसऱ्या दिवशी दुपारी, बन्सीनं भुवया उतरत्या केल्या, ओठ जरा सैल केले आणि कागद तिच्या हातात दिला. ती दाराशी गेली, उजेडात धरला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. पोर मधे हात घालत होती.

"असंल," ती म्हणाली.

बन्सीला ते 'असंल' ऐकू आलं. आणि तरी त्यानं त्या चित्राचा पुन्हा फोटो घेतला, नीट धुतला, जाड पुठ्ठ्यावर चिकटवला. कारण ती गाठोडं बांधत होती, पॅसेंजरची वेळ झाली होती, आणि तिला रिकाम्या हातानं पाठवायची त्याची हिंमत नव्हती. तिनं पदराची गाठ सोडायला घेतली तेव्हा भागूबाईनं तिचा हात धरला. "राहू दे, बाई."

वैशाख संपत आला होता. गोदावरीच्या वाळूत लोकांनी पाण्यासाठी पुरुषभर झिरे खोदले होते. मुंबईहून मासिक आलं. त्यात बन्सीचा फोटो अख्ख्या पानावर होता, खाली बारीक अक्षरात त्याचं नाव, आणि वर लिहिलेलं: 'अनादि मानव'. काकासाहेबांनी स्वतः आणून दिलं, पाठ थोपटली. बन्सीनं ते कपाटात पालथं ठेवलं.

त्याच आठवड्यात मनकर्णा आली. एकटीच. आधीपेक्षा काळवंडलेली, हाताची बोटं खडीनं फुटलेली. बस म्हणायच्या आधी बसली.

"पोरगी?"

"शेजारनीकडं ठेवली. झोपली तवा ह्यो उचलून आनला." तिनं पदराखालून पुठ्ठा काढला आणि गल्ल्यावर उपडा ठेवला. "ह्यो परत घ्या."

"का? खराब झाला?"

"खराब कशानं व्हईल? समदी म्हनत्यात, लई झ्याक फोटू. पोरगी तर त्येला दादा म्हनती. भाकरीचा तुकडा त्येच्या तोंडाला लावती." ती थांबली. बोलायचं ते मनात जुळवून आणलं असावं, पण आता जुळेना. "शेठ, मला आधी दिसायचे ते. तुमाला सांगता येत नव्हतं, पन दिसायचे. खडी फोडता फोडता डोळं मिटलं की यायचे, बाजूनं, कदी पाठमोरे. तोंड असं न्हाई, पुसट. पन तेच हुते. म्या कुनाला सांगत नव्हते. तेवढंच हुतं माझ्याजवळ."

बाहेर टांगेवाला कुणावर तरी खेकसत होता.

"आता डोळं मिटलं की ह्यो येतो. म्होरं बसतो अन् सरळ बघतो माझ्याकडं. त्यांनी असं कदी बघितलं न्हाई. ह्यो परका मानूस हाय. त्यांच्या मानंवर ह्येचं तोंड बसलंय, त्यांच्या खोकल्याला बी ह्येचंच तोंड. म्या लई आठवून बघितलं, त्यांचं त्ये आधीचं. न्हाईच येत. ह्येनं वाट अडवलीय."

"मी..." बन्सीनं पुठ्ठा जवळ ओढला. "मी दुसरा काढून बघू? नीट?"

"नगं!" ती इतक्या जोरानं म्हणाली की भागूबाई आतून दाराशी आली.

"मग फाडून टाकतो हा."

"फाडा. म्या बी फाडला असता. पोरगी रडंल चार दिस, विसरंल. पन फाडून काय? ह्यो कागदावर कुठं राहिलाय?"

बन्सीनं डोळे मिटले. गहिनीनाथाचं तोंड आठवायला जगात जणू दोनच माणसं उरली होती; एक ती, एक तो. त्यानं मनात ते दालन उभं केलं, ती काळी फरशी, ती धार. धार तशीच्या तशी आली, कडेवरच्या धुळीसकट. तिच्याशेजारच्या माणसानं मान वळवली तेव्हा मिशी बन्सीच्या कुंचल्याची होती, डोळे बन्सीच्या कुंचल्याचे. त्यानं घाईनं डोळे उघडले.

मनकर्णाची नजर मागच्या खोलीकडे लागली होती. फळीवर बाटल्यांची रांग होती, तपकिरी, निळ्या.

"तुमच्याकडं औषधं लई हायती," ती म्हणाली. "फोटू उमटायचं असतंय तसं पुसायचं बी असंल की एकांदं."

"असतं," तो म्हणाला. "कागदावरचं पुसायचं."

मग तिनं मान हलवली, गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर सारखा केला. भागूबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मनकर्णानं तो दोन्ही हातांनी घेतला आणि डोळे उघडे ठेवून, पापणी न लवता, सगळं पाणी प्याली.